विश्लेषण : जुना फ्लॅट महिनोन्‌महिने विकला का जात नाही? रंगरंगोटीआधी काय करायला हवे?

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात जुना फ्लॅट विकायला काढणाऱ्या अनेकांचा अनुभव सारखाच असतो. पहिल्या महिन्यात दहा-बारा जण घर पाहून जातात. दोघे-तिघे ‘घरी बोलून कळवतो’ म्हणतात. मग दलालाचे फोन विरळ होतात आणि सल्ले वाढतात. रंग काढा, मॉड्युलर किचन करून घ्या, वास्तुतज्ज्ञाला दाखवा. या सल्ल्यांवर दोन-चार लाख रुपये खर्च होतात आणि घर तिथेच राहते. मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची बचत बहुतेकदा अशा एकाच घरात अडकलेली असते. मुलांचे शिक्षण, मोठे घर किंवा निवृत्तीनंतरचा खर्च त्याच्या विक्रीवर अवलंबून असतो. अशा वेळी घर ‘आकर्षक’ करायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

खरेदीदार कशामुळे मागे फिरतो?

नव्या प्रकल्पातील घर घेणाऱ्याला महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, खटले आणि ताबा देण्याची मुदत पाहता येते. पुनर्विक्रीच्या घराला ही सोय नसते. इमारत पूर्ण होऊन सोसायटी स्थापन झाल्यावर एका सदस्याकडून दुसऱ्याकडे होणारा व्यवहार हा दोन व्यक्तींमधील व्यवहार असतो. त्यामुळे कागद खरे आहेत का, इमारत किती वर्षे टिकेल, भिंतीला ओल आहे का, बँक कर्ज देईल का, हे सारे खरेदीदाराला स्वतःच शोधावे लागते. यापैकी एका प्रश्नाचे उत्तर अर्धवट मिळाले, तरी तो वाद घालत बसत नाही. पुढचे घर पाहायला जातो.

म्हणून पुनर्विक्रीतील घर आकर्षक करणे याचा पहिला अर्थ शंका कमी करणे हा आहे. या शंका साधारण चार असतात : किंमत, कागद, गळती आणि इमारत. भिंतीचा रंग, पडदे, फर्निचर यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. विक्रेत्यांचा खर्च मात्र बहुतेकदा उलट्या क्रमाने होतो.

किंमत कुठे चुकते?

फ्लॅट पडून राहण्याचे सर्वात साधे कारण म्हणजे जास्त लावलेली किंमत. ती जास्त लावण्यामागे लोभच असतो असे नाही. मालक खरेदीची किंमत, नंतरचा इंटिरिअरचा खर्च, फेडलेले व्याज आणि ‘शेजारच्याने इतके मागितले’ ही ऐकीव माहिती यांची बेरीज करतो. खरेदीदाराच्या दृष्टीने यातील एकही आकडा महत्त्वाचा नसतो. त्याच पैशांत त्याच परिसरात दुसरे काय मिळते, एवढेच तो पाहतो.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या मध्यभागातील फ्लॅटच्या १९९० च्या दशकातील विक्रीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या मालकांना खरेदी किमतीपेक्षा कमी पैसे मिळण्याची शक्यता होती, त्यांनी इतरांपेक्षा जास्त किंमत मागितली. त्यातील काहीशी जास्त किंमत त्यांना मिळालीही, पण त्यांची घरे विकली जाण्याचा वेग कमी राहिला. तोटा कागदावर उमटू नये म्हणून माणूस किती काळ थांबतो, हे यातून दिसते. आपल्याकडे २०१३-१४ च्या सुमारास चढ्या दराने घर घेतलेल्या मालकाची मानसिकता यापेक्षा वेगळी नसते.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. जुन्या करारांत ‘बिल्ट-अप’ किंवा ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्र लिहिलेले असते, तर आजचा खरेदीदार चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट विचारतो. बिल्ट-अप ६५० चौरस फुटांच्या घराचे कार्पेट ५४० च्या आसपास भरले, तर प्रति चौरस फूट दर एकदम चढा दिसतो. फसवल्याची भावना तिथेच सुरू होते. टेप घेऊन प्रत्येक खोली मोजणे आणि जाहिरातीत कार्पेटच लिहिणे, हा एका दुपारचा आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

योग्य किंमत शोधायची कशी?

संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत दिसते ती मागितलेली किंमत. व्यवहार प्रत्यक्ष कितीला झाला, हे नोंदणी कार्यालयाच्या दस्तात दिसते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ ही मोफत सुविधा आहे. वर्ष, गाव किंवा विभाग आणि सर्व्हे क्रमांक अथवा सिटी सर्व्हे क्रमांक टाकल्यास नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन म्हणजेच ‘इंडेक्स टू’ पाहता येते. त्यात क्षेत्रफळ, करारातील मोबदला आणि शासनाने धरलेला बाजारभाव हे तिन्ही असतात. आपल्याच इमारतीतील आणि लगतच्या दोन-तीन इमारतींतील गेल्या वर्षभराचे पाच-सहा दस्त पाहिले, तरी दराचा खरा पट्टा कळतो. त्यात मजला, पार्किंग, लिफ्ट आणि इमारतीचे वय यांचा फरक धरून आपली किंमत ठरवावी.

किंमत उतरवण्यालाही एक मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारे मूल्य यांपैकी जे जास्त असेल, त्यावर आकारले जाते. रेडी रेकनरचे मूल्य व्यवहाराच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल, तर प्राप्तिकरासाठी विक्रेत्याला तेच मूल्य मिळाले असे मानले जाते आणि तो फरक खरेदीदाराचेही उत्पन्न धरला जाऊ शकतो. उदाहरणार्थ, रेडी रेकनरनुसार ८० लाखांचा फ्लॅट ७० लाखांना विकला, तर दोघांनाही न मिळालेल्या १० लाखांवर कराचा प्रश्न उभा राहतो. जुन्या इमारतींसाठी रेडी रेकनरमध्ये वयानुसार घसारा मिळतो. त्यामुळे मूल्य आधीच अचूक काढून घेतलेले बरे.

खरेदीदाराच्या खिशाचे गणित काय?

विक्रेता ‘८० लाख’ म्हणतो, तेव्हा खरेदीदार वेगळाच आकडा मोजत असतो : आज हातात रोख बचत किती लागेल? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या मूल्याच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्के आणि त्यावरील कर्जासाठी ७५ टक्के रक्कम देता येते. ठाण्यातील ८० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त ६४ लाख कर्ज मिळेल. उरलेले १६ लाख, सात टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार, असे जवळपास २२ लाख रुपये खरेदीदाराला स्वतः उभे करावे लागतात. घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. दलाली आणि घर लावण्याचा खर्च वेगळाच.

आता बँकेच्या मूल्यांककाने हेच घर ७२ लाखांचे ठरवले, तर कर्ज ५७ लाख ६० हजारांवर येते आणि खरेदीदाराला आणखी ६ लाख ४० हजार रुपये लागतात. अनेक ठरलेले व्यवहार नेमके इथे मोडतात. त्यामुळे फ्लॅट बाजारात आणण्यापूर्वी एखाद्या बँकेच्या पॅनेलवरील मूल्यांककाकडून मूल्य काढून घेणे उपयोगी पडते. काही हजारांत होणारे हे काम नंतरचे दोन-तीन फुकट गेलेले महिने वाचवते. ‘काही रक्कम रोख द्या’ ही जुनी पद्धत तर खरेदीदाराला आणखी दूर लोटते. कर्ज कागदावरच्या किमतीवर मिळते, रोख रकमेवर नाही. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

कोणते कागद आधीच तयार हवेत?

घर आवडले, किंमतही जुळली आणि मग विक्रेता म्हणाला, ‘शेअर सर्टिफिकेट शोधावे लागेल’, तर व्यवहार थंडावलाच म्हणून समजावे. बिल्डरने पहिल्या मालकाशी केलेल्या करारापासून आजपर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार, प्रत्येकाची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी, मंजूर नकाशा, मालमत्ता कर व वीजबिलाच्या पावत्या आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, अशी एक फाइल पहिल्या भेटीआधीच तयार हवी. साखळीतील एखादा जुना करार हरवला असेल, तर पोलिसांकडे नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत, या साऱ्याला काही आठवडे लागतात. ग्राहक आल्यावर ही धावपळ सुरू करण्यात अर्थ नसतो.

घरावर कर्ज असेल, तर ते लपवण्याचेही कारण नाही. बँकेकडून उर्वरित रकमेचे पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधीच घ्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या नियमानुसार बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. ही माहिती खरेदीदाराला दिली, तर ‘कागद कधी मिळणार’ ही त्याची चिंता बरीच कमी होते.

वारसांचे घर किंवा परदेशातील मालक असेल तर?

आई-वडिलांच्या पश्चात रिकामे राहिलेले घर विकायला सर्वात जास्त वेळ लागण्याची शक्यता असते. अनेकांना वाटते की सोसायटीत नामनिर्देशन केलेली व्यक्ती म्हणजे मालक. तसे नसते. सोसायटी नामनिर्देशिताच्या नावे सदस्यत्व हस्तांतरित करते, पण मालकीहक्क वारसाहक्काच्या कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसारच ठरतो. सर्व वारसांची संमती, गरजेनुसार नोंदणीकृत हक्कसोडपत्र आणि सोसायटीच्या नोंदीतील बदल हे विक्रीआधी पूर्ण झाले, तर घराची निम्मी अडचण सुटते. बहीण-भावांत किमतीबाबत एकमत नसेल आणि प्रत्येक जण दलालाला वेगळा आकडा सांगत असेल, तर तो फ्लॅट बाजारात बदनाम होतो.

मुले परदेशात असलेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबांत आणखी एक पेच असतो. निवासी भारतीयाकडून ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना खरेदीदाराला फक्त एक टक्का करकपात करावी लागते. मालक अनिवासी असेल, तर कपात कितीतरी जास्त दराने होते आणि तिची जबाबदारी खरेदीदारावर असते. या धास्तीने अनेक जण अनिवासी मालकाच्या घराला हातच लावत नाहीत. विक्रेत्याने प्राप्तिकर विभागाकडून कमी दराने करकपातीचे प्रमाणपत्र वेळेत घेतले, तर हा अडसर दूर होतो. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घेणेही आवश्यक असते.

सोसायटीमुळे विक्री अडते का?

अडते, आणि याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. खरेदीदार फ्लॅटमध्ये पोहोचण्याआधी गेट, जिना, लिफ्ट आणि मीटरबॉक्स पाहतो. तुटलेल्या टपालपेट्या, लोंबणाऱ्या वायरी आणि जिन्यातील पानाच्या पिचकाऱ्या पाहून आलेल्या माणसाला आतले इटालियन मार्बल पटत नाही. सज्जाखालचे उघडे पडलेले लोखंड तर त्याच्या नजरेतून सुटतच नाही.

आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. हा अहवाल आणि त्यानुसार झालेल्या दुरुस्तीचा हिशेब दाखवता आला, तर ‘इमारत किती टिकेल’ या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळते. बँकाही जुन्या इमारतीला कर्ज देताना तिचे उर्वरित आयुष्य पाहतात. अभिहस्तांतरण म्हणजे कन्व्हेयन्स झालेले नसेल, तर जमीन अद्याप बिल्डर किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर असते. अशा सोसायट्यांना मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला आहे, पण त्यासाठी सदस्यांनी मागे लागावे लागते. पुनर्विकासाच्या नुसत्या चर्चेवर किंमत वाढवणेही चुकीचे. खरेदीदाराला सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवता येत नसेल, तर तो उद्याच्या मोठ्या घराचे पैसे आज देणार नाही.

हस्तांतरण शुल्काबाबतही विक्रेत्याला नियम माहीत असावेत. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५ हजार रुपये आहे. त्याशिवाय ‘देणगी’ म्हणून लाखभर रुपये मागणे नियमाला धरून नाही. आदर्श उपविधींनुसार विक्रीचा इरादा सोसायटीला १५ दिवस आधी कळवायचा असतो. ना-हरकत पत्र विक्रीसाठी बंधनकारक नसले, तरी कर्ज देणाऱ्या बँका ते मागतात. समितीशी वाद असेल, तर तो ग्राहक येण्याआधी मिटवलेला चांगला.

पार्किंगचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. मोकळी किंवा स्टिल्टमधील पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे ‘पार्किंगचे पाच लाख वेगळे’ असे सांगण्यापेक्षा सोसायटीने दिलेले वाटपपत्र दाखवणे अधिक विश्वासार्ह ठरते.

ओल रंगाखाली झाकावी का?

मुळीच नाही. पोपडे खरवडून, पुट्टी भरून, वर दोन हात मारले की भिंत दोन-तीन महिने छान दिसते. पण सराईत खरेदीदार आणि बँकेचा मूल्यांकक खिडकीखालचा कोपरा, संडास-बाथरूमची मागची भिंत आणि सर्वात वरच्या मजल्याचे छत हाताने चाचपतात. एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला, की उलट शंका वाढते. कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार साधारण काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही, असा मोठा दोष ठाऊक असताना विक्रेत्याने तो सांगणे बंधनकारक आहे. तो दडवणे ही फसवणूक मानली जाते.

आधी पाणी कुठून येते ते शोधावे. गच्ची, बाहेरची भिंत किंवा सामाईक पाइपमधून गळती असेल, तर आदर्श उपविधींनुसार दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा. स्वतःच्या किंवा वरच्या घरातील बाथरूम, मोरी, सिंकमधून असेल, तर तो त्या सदस्याचा. लेखी तक्रार, समितीची पाहणी आणि झालेल्या कामाचे बिल फाइलमध्ये ठेवावे. वॉटरप्रूफिंगच्या कामाची हमी मिळाली असेल, तर तीही. शक्य असेल तर घर पावसाळ्यातही दाखवावे. ऑगस्टमधील कोरडी भिंत कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त बोलते.

मग खर्च कशावर करावा?

स्वच्छता, उजेड आणि दुरुस्ती, या क्रमाने. ठिबकणारी तोटी, न लागणारी कडी, अडकणारी सरकती खिडकी, जळलेला स्विच, तुटलेली लादी या गोष्टी फार पैसे न घालवता नीट होतात. पण त्या तशाच राहिल्या, तर पाहणारा मनात म्हणतो, ‘दिसते तेच असे, तर न दिसणारे कसे असेल?’ जुना फ्यूज बोर्ड बदलून एमसीबी बसवणे, बाथरूमच्या लाद्यांमधील काळे पडलेले सांधे पुन्हा भरणे, संपूर्ण घराला फिका, एकसारखा रंग देणे आणि खिडक्यांच्या काचा धुणे एवढ्याने घर बदललेले दिसते. माळ्यावरचे, पलंगाखालचे आणि बाल्कनीतले सामान कमी केल्यावर लहान वन बीएचकेही मोकळा वाटतो. देवघर मात्र हलवण्याचे काही कारण नाही.

बंद घराची वेगळी काळजी घ्यावी लागते. महिनोन्‌महिने पाणी न सोडल्यास मोरीच्या जाळीखालचे पाणी आटते आणि गटाराचा वास घरात येतो. आठवड्यातून एकदा सर्व नळ आणि फ्लश सोडणे, खिडक्या उघडणे आणि झुरळांचा बंदोबस्त करणे पुरेसे असते. वीजमीटर चालू ठेवावा. मोबाइलच्या प्रकाशात घर दाखवून विक्री होत नाही.

खर्च कशावर करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, महागडे वॉर्डरोब ही ज्याची त्याची आवड असते. नवा मालक ते तोडणार असेल, तर त्याचे पैसे तो देणार नाही. वास्तुशास्त्रासाठी संडास हलवण्याच्या भानगडीत पडू नये. दरवाजाची दिशा जाहिरातीतच लिहिली, तर ज्यांना ती चालत नाही त्यांचा आणि विक्रेत्याचाही वेळ वाचतो. बाल्कनी आत घेणे किंवा भिंत पाडून हॉल वाढवणे तर विक्रीच्या तोंडावर टाळावेच. मूल्यांकक मंजूर नकाशाशी घर ताडून पाहतो आणि विनापरवाना बदल कर्जाच्या आड येऊ शकतो.

जाहिरात आणि दलाल : काय चुकते?

हल्ली घराची पहिली भेट मोबाइलच्या पडद्यावर होते. अंधाऱ्या खोलीतली तिरकी छायाचित्रे, गादीवर पसरलेले कपडे आणि ‘प्राइम लोकेशन’ एवढाच मजकूर असेल, तर बोट पुढे सरकते. सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, खोलीच्या कोपऱ्यातून घेतलेली आठ-दहा छायाचित्रे पुरतात. मजकुरात कार्पेट क्षेत्र, मजला, इमारतीचे वय, लिफ्ट, पार्किंग, मासिक देखभाल खर्च, पाण्याची वेळ, ओसी व कन्व्हेयन्सची स्थिती आणि स्थानकापर्यंत चालत लागणारी खरी मिनिटे लिहावीत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ वाचून वीस मिनिटे चालत आलेला माणूस दारातच नाराज झालेला असतो.

पाच दलालांना एकाच वेळी घर दिले, तर ते लवकर विकले जाईल हा समजही तपासून पाहावा. मग एकच फ्लॅट संकेतस्थळावर पाच वेळा, पाच किमतींत दिसतो. खरेदीदार सर्वात कमी आकडा धरून बसतो किंवा ‘यात काहीतरी गडबड आहे’ असे मानून सोडून देतो. एक-दोन दलाल, एकच लेखी किंमत आणि ठरावीक मुदत, ही पद्धत अधिक नीट चालते. घर पाहून नकार देणाऱ्यांचे कारण दलालाला विचारून लिहून ठेवावे. दहांपैकी सहा जणांनी एकच कारण सांगितले, तर तेच आधी दुरुस्त करायचे.

थांबण्याची किंमत किती?

‘मला घाई नाही’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य. पण थांबणे फुकट नसते. समजा, ८० लाख मागितलेल्या रिकाम्या फ्लॅटला आज ७६ लाखांची ऑफर आहे. ती स्वीकारून रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षात ४ लाख ९४ हजार व्याज मिळते. दरमहा चार हजारांप्रमाणे देखभालीचे ४८ हजार वाचतात. म्हणजे वर्षभर थांबून पूर्ण ८० लाख मिळाले, तरी करपूर्व हिशेबात विक्रेता सुमारे १ लाख ४२ हजारांनी मागे असतो. व्याजावर सर्वोच्च दराने कर धरला, तर हिशेब साधारण बरोबरीचा येतो. वर्षभराची धाकधूक आणि मालमत्ता कर मात्र वरचे. घर भाड्याने दिलेले असेल किंवा परिसरात दर खरोखर वाढत असतील, तर गणित बदलते. पण ते मांडून पाहिलेच पाहिजे.

त्यात भांडवली नफ्यावरील करही धरावा. दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के दराने, महागाई निर्देशांकाचा लाभ न देता कर लागतो. त्याआधी घेतलेल्या घरांसाठी निवासी व्यक्तींना निर्देशांकासह २० टक्क्यांच्या जुन्या पद्धतीने येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरता येतो. जुन्या घरांच्या मालकांनी दोन्ही हिशेब करून मगच ‘हातात किती येणार’ ते ठरवावे. अनेकदा हा आकडा कळल्यावर दोन लाखांवरून चाललेली ओढाताण निरर्थक वाटू लागते.

किंमत कधी कमी करावी?

लोक घर पाहायलाच येत नसतील, तर किंमत किंवा जाहिरात चुकली आहे. पाहायला येतात पण पुन्हा येत नाहीत, तर घरात किंवा इमारतीत दोष आहे. दोनदा येतात, बोलणी करतात आणि मग थांबतात, तर अडचण कागदांत किंवा कर्जात आहे. हे निदान न करता दर महिन्याला ५०-५० हजारांनी किंमत उतरवत राहिले, तर पाहणारा आणखी उतरण्याची वाट पाहत बसतो. कमी करायचीच असेल, तर प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांच्या पट्ट्यात येईल इतकी, एकदाच करावी.

यात एक मोठा प्रश्नही दडला आहे. शहरांतील हजारो जुन्या इमारतींमधील घरे केवळ एका मालकाच्या आळसामुळे पडून राहत नाहीत. ओसी नसलेल्या इमारती, वर्षानुवर्षे रखडलेले कन्व्हेयन्स आणि टाळलेले संरचनात्मक परीक्षण यांचे ओझे प्रत्येक फ्लॅटच्या किमतीवर असते. विकायची वेळ येते, तेव्हाच ते दिसते. आज ज्याला घर विकायचे नाही, त्यानेही पुढच्या सर्वसाधारण सभेत ही कागदपत्रे मागितली पाहिजेत. तसे झाले, तर त्याच्या घराची किंमत आजच थोडी वाढेल आणि विकण्याची वेळ येईल तेव्हा ती खरेदीदाराला पटवून देणेही सोपे जाईल.